चालतंय ना, मग झालं तर!



मराठीत 'चालतं' या क्रियापदाइतकं राबवून घेतलेलं क्रियापद दुसरं नसावं. चहात साखर कमी पडली, चालतं. पाहुणे दोन तास उशिरा आले, चालतं. निबंधात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तेही चालतं (माझ्या वर्गात चालत नसे, हे माझे जुने विद्यार्थी सांगतील). या सगळ्या 'चालतं'शी माझं भांडण नाही. या वयात इतकी भांडणं झेपणारही नाहीत. माझं भांडण एकाच 'चालतं'शी आहे. घरातल्या प्लगवर मोठ्या मोटरचं मशीन लावायचं, बटण दाबायचं, ते गरगर फिरलं की हात झटकायचे आणि म्हणायचं, "चालतंय ना, मग झालं तर!"

नाही झालं. मशीन चालणं हा वायरिंग बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. अर्थची वायर जोडलेली असो की नसो, मोटर अगदी सारखीच फिरते. वायर पुरेशी जाड असो की तापून तिचं वेष्टण पातळ होत असो, मोटर तशीच फिरते. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंनी 'चालतंय' असंच येतं, तो प्रश्नच चुकीचा. आजचा लेख एवढ्यासाठीच.

विषय कुठून निघाला ते सांगते. आमच्या भाच्याला सीएनसी राऊटरचं वेड लागलं आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : टेबलाएवढी चौकट, तिच्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणारी एक मोटर, मोटरच्या टोकाला कापणारं बिट, आणि कुठे किती सरकायचं हे सांगणारा संगणक. लाकडावर नक्षी, नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची महिरप असलं सगळं त्यातून निघतं. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा त्याच्या नियंत्रणाला व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कपाट लागत असे. आज तेच काम आमच्या मागच्या गॅलरीत, धुण्याच्या दोरीखाली होतं. मला त्याचं कौतुकच आहे. मुलाने हाताने काही घडवावं, यासारखं सुख नाही. कौतुक आहे म्हणूनच बोलते आहे.

त्या फिरणाऱ्या मोटरला स्पिंडल म्हणतात. हौशी मंडळींचा आवडता स्पिंडल २.२ किलोवॉटचा, पाण्याने थंड होणारा आणि मिनिटाला २४,००० फेरे घेणारा. हा तीन फेजचा असतो आणि पूर्ण वेगासाठी त्याला ४०० हर्ट्‌झची वीज लागते. आपल्या घरात येते ती एका फेजची, २३० व्होल्टची, ५० हर्ट्‌झची. मग मध्ये एक डबा बसवतात, त्याला व्हीएफडी म्हणतात. तो घरातली वीज घेतो, तिचं डीसी करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून तीन फेजची, हव्या त्या हर्ट्‌झची वीज तयार करून स्पिंडलला देतो. आत साठलेलं ते डीसी सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतं आणि प्लग उपसला तरी काही मिनिटं तिथेच दबा धरून बसतं. जाहिरातीत मात्र एवढंच छापतात : 'घरगुती विजेवर चालतो.' पुन्हा तेच क्रियापद!

मी शंका काढली तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, तू बी.ए. मराठी. तुला यातलं काय कळतं?" खरं आहे. पण त्रैराशिक मला येतं, आणि माहितीपत्रक वाचायला मराठीच्या बाईइतकं चिकट माणूस दुसरं नाही. आम्ही तळटीपासुद्धा वाचतो.

त्याचा मुख्य मुद्दा असा, आणि तो सगळीकडे ऐकू येतो : "दोन किलोवॉटचा गिझर रोज त्याच पॉइंटवर चालतो. मग २.२ चा स्पिंडल का नाही चालणार?" मुद्दा ऐकायला बिनतोड आहे. मांडून बघू. गिझर म्हणजे तापणारी तार. २००० भागिले २३०, जेमतेम पावणेनऊ अँपिअर. सरळ हिशोब. व्हीएफडीचा हिशोब इतका सरळ नाही. स्पिंडलला टोकाला २.२ किलोवॉट द्यायचे तर वाटेत काही वाया जातात, म्हणजे आत घ्यायचे त्याहून जास्त. शिवाय व्हीएफडी वीज सबंध लाटेतून सारखी घेत नाही. लाटेच्या शेंड्यावर आली की गपकन घोट घेतो आणि मधल्या वेळात गप्प बसतो. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी वायरमधून कितीतरी जास्त करंट वाहतो. म्हणून एका फेजवर चालणाऱ्या २.२ किलोवॉटच्या व्हीएफडीच्या माहितीपत्रकात इनपुट करंट बहुधा २० अँपिअरच्या वर लिहिलेला असतो. आपला घरातला सगळ्यात मोठा प्लग १६ अँपिअरचा! गिझर थोड्या वेळाने पाणी तापलं की आपोआप बंद होतो. महिरपीची नक्षी चार-चार तास चालते. दोघांना एका पंगतीत बसवणं म्हणजे मुठीएवढी पिशवी आणि पोतं दोन्ही 'सामान' आहे म्हणून एकाच खुंटीला टांगणं.

यावर उत्तर येतं, "मऊ लाकूड कापताना तेवढा करंट कुठे लागतो? निम्माही लागत नाही." हे मला मान्य आहे. बहुतेक दिवस खरंच लागत नाही. पण वायर बहुतेक दिवसांसाठी घालायची नसते. एके दिवशी सागवानाचा जाड तुकडा येतो, बिट बोथट झालेलं असतं, आणि मुलगा जेवायला आत गेलेला असतो. वायर त्या दिवसासाठी घालायची.

"जास्त झालं तर एमसीबी पडेल की!" हा पुढचा दिलासा. हा दिलासा ज्यांनी शोधून काढला त्यांनी एमसीबीचा नियम वाचलेला नाही. १६ चा एमसीबी १६ ला पडत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपिअर वाहत असताना, त्याने तासभर पडताच कामा नये, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपिअरला, तासाभरात पडलं पाहिजे. तासाभरात! म्हणजे तुमची वायर मर्यादेबाहेर तापत असताना तो बराच वेळ शांत बसलेला असू शकतो, आणि तेही नियमाप्रमाणे. आपण मात्र त्याच्या शांततेला 'चालतंय' म्हणतो.

आता त्या वायरकडे बघू. जुन्या घरांत प्लगपर्यंत एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेलेली सापडते. मीटरपासून गॅलरी वीस मीटर धरली तर जाऊन-येऊन चाळीस मीटर वायर झाली. तिचा रोध पाऊण ओहमच्या आसपास. पंधरा अँपिअर वाहिले की दहा-अकरा व्होल्ट वाटेतच खर्च आणि दीडशे वॉटच्या वर उष्णता भिंतीच्या पोटात. ती लांबीभर पसरते म्हणून निभावतं. पण जोड? एखादा स्क्रू सैल आहे, त्याचा रोध एक दशांश ओहम आहे, तर पंधरा अँपिअरला त्या नखाएवढ्या जागी साडेबावीस वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग गन बघितली आहे ना? साधी पंचवीस वॉटचीही असते, आणि तिने शिसं वितळतं. तुमच्या बोर्डातल्या सैल स्क्रूला तुम्ही चार तास तेच काम दिलेलं असतं. त्यात सोळाचा टॉप सहाच्या बोर्डात बसवणारा तो बाजारातला अडॅप्टर लावला असेल तर मग बोलायलाच नको.

हे झालं आगीचं. माणसाचं वेगळंच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. विजेचा झटका माणसाला कधी सोडत नाही, याचा त्यांनी स्वयंसेवकांवर अभ्यास केला. सरासरीने पुरुषाला १६ मिलिअँपिअरला आणि बाईला साडेदहा मिलिअँपिअरला पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते, असे त्यांचे आकडे. आता ही गंमत बघा (गंमत कसली, थरकाप म्हणा) : माणूस अडकतो १६ मिलिअँपिअरला, एमसीबीवर लिहिलेलं असतं १६ अँपिअर. बरोबर हजार पट! एमसीबी तुमच्यासाठी नाहीच, तो वायरसाठी आहे. तुमच्यासाठी जी दोन माणसं घरात ठेवलेली आहेत त्यांची नावं अर्थिंग आणि आरसीसीबी. आणि 'चालतंय'वाले नेमकं याच दोघांना घराबाहेर काढतात.

अर्थची वायर म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी. रोजच्या कामात तिचा उपयोग दिसत नाही. तिच्यातून काही वाहत नाही, तिच्यावाचून काही अडत नाही. मग कुणी तिसरी पिन कापतं, कुणी सॉकेटचं वरचं भोक रिकामंच ठेवतं, आणि कुणी महाभाग त्या भोकात न्यूट्रलची तार जोडून 'अर्थिंग दिलं' म्हणतो. यातला तिसरा सगळ्यात घातकी. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला की मशीनचं सगळं धड फेजला जाऊन मिळतं. मशीन बंद पडलेलं असतं, म्हणून आपण त्याला हात लावायला जातो, आणि तेव्हाच त्याच्या बॉडीत करंट असतो.

"मग अंगणात पाईप ठोकून स्वतंत्र अर्थ दिला की संपलं ना?" नाही संपत. समजा त्या पाईपचा जमिनीशी रोध दहा ओहम आहे. उन्हाळ्यात माती वाळली की तो आणखी वाढतो. आतली फेजची तार बॉडीला टेकली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जातील. सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीला झटक्यात पडायला कमीत कमी ८० अँपिअर लागतात. २३ वर तो, वर सांगितल्याप्रमाणे, तासभर विचार करील. तेवढा वेळ मशीनची लोखंडी चौकट जिवंत. इथे कामाला येतो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो क्षणात सगळं तोडतो.

आणि हाच आरसीसीबी व्हीएफडी लावला की वरचेवर पडतो! कारण व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच अर्थकडे झिरपत असतो. त्यात घरातल्या फ्रीजचा, संगणकाचा, वॉशिंग मशीनचा झिरपा मिळतो. आरसीसीबी १५ च्या पुढे आणि ३० च्या आत कधीही पडू शकतो. आमच्याकडे हेच झालं. स्पिंडल सुरू केला की घरभर अंधार. बोलावलेले वायरमन (नाव सांगत नाही, माणूस कष्टाळू आहे) म्हणाले, "बाई, हा काढून टाकू, डायरेक्ट करू. सगळीकडे असंच चालतं." मी नाही म्हटलं. कामाच्या मावशी त्या गॅलरीत रोज ओल्या फडक्याने, अनवाणी फरशी पुसतात. पाच वर्षांची नात तिथे लाकडाचा भुसा गोळा करत बसते. यांतल्या कुणी मशीनच्या चौकटीला हात लावायचा, आणि मी दिवे जातात म्हणून रखवालदाराला रजा द्यायची? कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलणाऱ्या घरात चोरी झाली, तर दोष कुत्र्याचा नसतो.

उपाय होता आणि तो साधा होता. स्पिंडलसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन आणि तिच्यावर स्वतःचा आरसीसीबी, तोही व्हीएफडीच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रकारचा. साधा एसी प्रकार डीसी मिसळलेली गळती नीट ओळखत नाही. निदान ए प्रकार हवा, माहितीपत्रक वरचा सांगत असेल तर वरचा. लाइन वेगळी झाल्यापासून घरात अंधार झालेला नाही.

त्याच वेळी प्लग उपसून, काही वेळ थांबून, मल्टिमीटरने आणखी एक गोष्ट तपासायला लावली. स्पिंडलच्या डोक्यावर चार पिनांचं कनेक्टर असतं. तीन पिना तीन फेजच्या. चौथी अर्थची, असं आपण समजतो. स्वस्तात आयात होणाऱ्या कित्येक स्पिंडलमध्ये ती चौथी पिन आत कशालाच जोडलेली नसते. आमच्या स्पिंडलमध्येही नव्हती. बाहेरून बघावं तर चार पिना, चार तारा, सगळं कसं व्यवस्थित! आणि हे धड पाण्याने थंड होणारं. नळीने पाणी पुरवणारा पंप खाली बादलीत बुडालेला, तोही २३० व्होल्टचा, दोन पिनांचा. पाणी, वीज आणि लोखंड यांची अशी मंगळागौर मांडून वर म्हणायचं, चालतंय!

न्यूजर्सीच्या पुतण्याने तिकडचे व्हिडिओ पाठवले होते. व्हिडिओ चांगले आहेत, पण ते तिकडच्या भिंतीसाठी आहेत. तिकडे साधा प्लग १२० व्होल्टचा, आणि कपडे वाळवण्याच्या मशीनसाठी २४० व्होल्टचा मोठा प्लग वेगळा, त्याला स्वतःची जाड वायर आणि बहुधा ३० अँपिअरचा ब्रेकर. 'ड्रायरच्या प्लगला लावा' हा सल्ला तिथे ठीक. आपण त्याचं भाषांतर 'गिझरच्या पॉइंटला लावा' असं करतो. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतराला मी वर्गात शून्य देत असे. इथे शून्यावर भागत नाही.

आता "एवढं सगळं करायचं तर छंद कसला परवडतो?" ही शेवटची तक्रार. रास्त आहे. मध्यमवर्गीय घरात छंदाचं बजेट रेशनच्या साखरेसारखं मोजून येतं. पण बजेट कमी असेल तर स्पिंडल लहान घ्या, वायर लहान घेऊ नका. पाट्या आणि महिरपी कापायला ८०० वॉटचा स्पिंडल भरपूर होतो, थोडा सावकाश कापतो एवढंच. नाहीतर सुतारांचा हातातला ट्रिमर राऊटर, तोही ७०० वॉटच्या आसपास मिळतो. आवाज करतो, ब्रश झिजतात, पण व्हीएफडीची भानगडच नाही. महिरप चार तासांऐवजी सात तासांत झाली तर देव रुसत नाही. आणि मोठाच स्पिंडल हवा असेल तर आधी भिंतीवर खर्च करा, मग मशीनवर. विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाचा. बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, तिला शोभेल असा एमसीबी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच, स्पिंडलच्या धडापासून अर्थपर्यंत अखंड तार, हाताच्या अंतरावर लाल बटण. आणि हे सगळं परवाना असलेल्या वायरमनकडून.

विकणाऱ्यांनाही दोन शब्द. 'घरगुती विजेवर चालतो' हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं हवं : 'किती अँपिअर घेतो, किती जाड वायर लागते, कोणत्या प्रकारचा आरसीसीबी लागतो, आणि चौथी पिन आत जोडलेली आहे की नाही.' ज्या डब्यात सव्वातीनशे व्होल्ट कोंडलेले आहेत, त्याच्याबरोबर मराठी किंवा हिंदीत एक पानही येऊ नये? शेवयांच्या पुड्यावर सुद्धा कृती छापलेली असते.

भाच्याला मी एवढंच सांगते, आणि आमच्या सगळ्या घरादाराला : 'चालतंय का?' असं विचारू नका. 'बिघडलं तर काय होईल?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोटर देते. दुसऱ्याचं उत्तर अर्थ आणि आरसीसीबी देतात, तेही तुम्ही त्यांना जागेवर ठेवलं असेल तर.

नातेवाईक मंडळींना जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या घरी सीएनसी नसेल, पण बोर्डात आरसीसीबी असेल, तर त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण आहे. येत्या रविवारी ते दाबा. घरातले दिवे गेले तर छान, खटका वर करा आणि चहा घ्या. दिवे गेले नाहीत, पंखा फिरतच राहिला, टीव्ही सुरूच राहिला, सगळं अगदी व्यवस्थित चालतच राहिलं, तर मात्र त्याच दिवशी वायरमनला फोन करा.